मक्तेदारीला वय असतं का?

प्रश्न : माझे वडील विमा कचेरीत होते. त्यांच्या बोलण्यात कॉम्प्युटर म्हणजे आयबीएम. माझी सगळी नोकरी मायक्रोसॉफ्टच्या विंडोजवर झाली. आता मुलीचं पान गूगल आणि व्हॉट्सॲपशिवाय हलत नाही. दर पिढीला वाटतं, ही कंपनी आता कायमची बसली; आणि पुढच्या पिढीत तिचा तो दरारा राहत नाही. मग तंत्रज्ञानातली मक्तेदारी काळाच्या ओघात आपोआपच ओसरते, असं म्हणायचं का? तसं असेल तर सरकारं दहा-दहा वर्षं खटले कशासाठी चालवतात?
— एक निवृत्त लेखापाल, सातारा

उत्तर : तुम्ही तीन पिढ्यांचा लावलेला क्रम बरोबर आहे. दरारा ओसरतो, हेही खरं. पण ज्या धंद्यात कंपनीने मक्ता मिळवलेला असतो, त्या धंद्यात तो सहसा सुटत नाही. बदलतं ते त्या धंद्याचं महत्त्व. आणि ते बदलण्यासाठी जी वाट लागते, ती बऱ्याचदा कुणीतरी कायद्याच्या जोरावर मोकळी ठेवलेली असते. म्हणून काळावर भरवसा ठेवून स्वस्थ बसावं, हे मला पटत नाही.

तुमच्या वडिलांच्या आयबीएमपासूनच सुरुवात करू. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या कॉम्प्युटरच्या धंद्यातला सुमारे ७० टक्के वाटा या एका कंपनीकडे होता. एप्रिल १९६४ मध्ये तिने ‘सिस्टिम/३६०’ नावाची यंत्रमालिका जाहीर केली. लहान यंत्र घ्या, धंदा वाढला की मोठं घ्या, आधी लिहिलेले प्रोग्रॅम तसेच चालतील, अशी ती योजना. गिऱ्हाइकाची मोठीच सोय झाली. पण एकदा या घरात शिरलं की बाहेर पडणं महाग पडू लागलं. बँकेने किंवा विमा कंपनीने वर्षानुवर्षं खपून जे प्रोग्रॅम लिहून घेतले, ते दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर चालत नसत. यंत्र बदलता येई. हजारो पानांचं काम पुन्हा पहिल्यापासून कोण करणार?

आता गंमत बघा. ही पकड आजही सुटलेली नाही. जगातल्या अनेक मोठ्या बँकांचे हिशेब अजून आयबीएमच्या मेनफ्रेमवर, म्हणजे सिस्टिम/३६० च्या घराण्यातल्या मोठ्या यंत्रांवर, चालतात. २०२५ साली कंपनीने नवा मेनफ्रेम आणला, आणि १९६४ च्या घराण्यासाठी लिहिलेले कित्येक जुने प्रोग्रॅम अशा नव्या यंत्रांवर अजून चालू शकतात. मेनफ्रेम घ्यायचा तर व्यवहारात आयबीएमचाच घ्यावा लागतो. साठ वर्षं झाली, मक्ता जिथल्या तिथे आहे. फक्त मेनफ्रेम म्हणजेच कॉम्प्युटर, ही स्थिती राहिली नाही. जुन्या महामार्गावरच्या गावातलं एकुलतं एक दुकान जसं बायपास झाल्यावरही गावात एकुलतंच राहतं, पण गाड्या बाहेरून निघून जातात, तसं हे झालं.

तेव्हा खरा प्रश्न असा, की हा बायपास कुणी काढला?

त्याचं श्रेय गॅरेजमध्ये बसून यंत्र जोडणाऱ्या हुशार पोरांना दिलं जातं, आणि त्यांचा वाटा मोठा आहेच. पण त्याआधी काय काय घडलं होतं ते पाहावं. जानेवारी १९५६ मध्ये अमेरिकी सरकारशी झालेल्या तडजोडीत आयबीएमला मान्य करावं लागलं, की यंत्रं केवळ भाड्याने न देता विकतही दिली जातील. त्यातून जुन्या यंत्रांचा बाजार, त्यांची दुरुस्ती करणारे, ती विकत घेऊन दुसऱ्याला भाड्याने देणारे असे नवे धंदे उभे राहिले. पुढे १७ जानेवारी १९६९ रोजी सरकारने आयबीएमवर मक्तेदारीचा मोठा खटला भरला. त्याची चाहूल कंपनीला आधीच लागलेली होती. त्याच वर्षी जूनमध्ये तिने जाहीर केलं, की यापुढे सॉफ्टवेअर आणि सेवा यांचे पैसे वेगळे लावले जातील. तोवर सॉफ्टवेअर यंत्राबरोबर ‘फुकट’ मिळत असे, म्हणजे त्याची किंमत यंत्रातच धरलेली असे. जे फुकट मिळतं ते विकायला दुसरा कुणी कशाला दुकान थाटेल? किंमत वेगळी झाली आणि सॉफ्टवेअर हा स्वतंत्रपणे विकण्याचा माल झाला.

१९६८ साली मुंबईत सुरू झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसपासून हिंजवडीतल्या काचेच्या इमारतींपर्यंत आपल्याकडे जो धंदा वाढला, तो सॉफ्टवेअर हा वेगळा माल मानला गेल्यामुळेच उभा राहू शकला. आपल्या घराघरांतल्या मुला-मुलींच्या नोकऱ्यांचा धागा अमेरिकेतल्या त्या निर्णयाशी जोडलेला आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

खटल्याचं पुढे काय झालं? तेरा वर्षं चालून जानेवारी १९८२ मध्ये सरकारने तो मागे घेतला. ‘बघा, बाजारानेच काम केलं, खटला वायाच गेला’ असं म्हणणारे याच गोष्टीकडे बोट दाखवतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये वैयक्तिक वापराचा पीसी आणला तो घाईने, बाहेरचे भाग जोडून. मेंदू इंटेलचा, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची. ती कार्यप्रणाली इतरांनाही विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे ठेवला. सव्वा वर्षातच कॉम्पॅक नावाच्या नव्या कंपनीने आयबीएमचं पीसीमधलं एक कळीचं सॉफ्टवेअर, नक्कल न करता, नव्याने लिहून काढलं आणि हुबेहूब तसाच चालणारा पीसी जाहीर केला. मग तशा यंत्रांचा पूर आला. १९९३ साली आयबीएमला ८ अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. २००५ मध्ये तिने पीसीचा धंदाच लेनोव्होला विकून टाकला.

हे सगळं बाजारात घडलं, मान्य. पण डोक्यावर तेरा वर्षं खटला लटकल्यामुळे कंपनीचा हात तेव्हा आणि पुढेही कितीतरी ठिकाणी आखडता राहिला, असं माझं मत आहे. बाहेरच्या छोट्या कंपनीला हक्क राखू देणं, नकली यंत्रं काढणाऱ्यांना सुरुवातीलाच न चिरडणं, हे खटल्याआधीच्या आयबीएमने केलं असतं असं मला वाटत नाही.

टेलिफोनच्या धंद्यात हीच गोष्ट आणखी ठळकपणे दिसते. अमेरिकेत एटी अँड टी ही कंपनी तारा, एक्स्चेंज आणि घरातला फोन, सगळंच स्वतःकडे ठेवून होती. कुणीतरी ‘हश-अ-फोन’ नावाची एक साधी वाटीसारखी वस्तू काढली. बोलण्याच्या तोंडाशी ती अडकवली की शेजारच्या टेबलावरच्या माणसाला बोलणं ऐकू जात नसे. त्यात वीज नव्हती, तार नव्हती. कंपनीने तिलाही विरोध केला : आमच्या यंत्रणेला परकी वस्तू लावायची नाही! या धंद्यावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगानेही कंपनीचीच बाजू घेतली. अखेर १९५६ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ही बंदी मोडीत काढली. पुढे टेक्सासमधल्या टॉम कार्टर यांनी ‘कार्टरफोन’ बनवला. तेलाच्या विहिरींवर, गुराढोरांच्या मोठाल्या कुरणांवर काम करणाऱ्यांच्या वायरलेसला तो नेहमीच्या टेलिफोनशी जोडून देई. फोनचा रिसीव्हर त्याच्या खाचेत ठेवायचा, इतकंच. १९६८ मध्ये आयोगाने निकाल दिला, की यंत्रणेला अपाय होत नसेल तर बाहेरचं उपकरण लावायला कंपनी मनाई करू शकत नाही. त्या एका निकालाने आन्सरिंग मशीन, फॅक्स आणि पुढे घराघरांतला मोडेम यांना दार उघडलं. घरातून इंटरनेटला जोडून घेण्याची पहिली सोय त्याच टेलिफोनच्या तारेवरून झाली.

याच कंपनीवर, सरकारशी १९५६ मध्येच झालेल्या तिच्या वेगळ्या तडजोडीने, आणखी एक बंधन होतं : टेलिफोनशिवाय दुसऱ्या धंद्यात उतरायचं नाही. त्यामुळे तिच्या बेल लॅब्जमध्ये १९६९ साली जन्मलेली युनिक्स ही कार्यप्रणाली तिला धंद्याचा माल म्हणून विकता येईना. ती विद्यापीठांना नाममात्र मोलाने मिळाली, विद्यार्थी तिच्यावर शिकले, तिच्या धर्तीवर १९९१ मध्ये लिनक्स निघाली, आणि तुमच्या मुलीच्या हातात अँड्रॉइड फोन असेल तर त्याच्या तळाशी आजही लिनक्सच आहे. एका मक्तेदाराला घातलेला बांध पन्नास वर्षांनी कुठे पाणी पोचवतो, ते बांध घालणाऱ्यालाही कळत नाही.

आता तुमच्या नोकरीतलं मायक्रोसॉफ्ट. मे १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने तिच्यावर खटला भरला. आरोप असा, की विंडोजच्या जोरावर पीसी बनवणाऱ्यांना दाबून ती नेटस्केप या ब्राउझरला दारातच अडवते. जून २००० मध्ये न्यायाधीशांनी कंपनीचे दोन तुकडे करण्याचा हुकूम दिला. पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयाने तो रद्द केला, पण बेकायदा मार्गाने मक्तेदारी राखल्याचा निष्कर्ष कायम ठेवला. नेटस्केप तोवर मेलंच होतं. इंटरनेट एक्स्प्लोररची सहावी आवृत्ती २००१ मध्ये आली. सातवी यायला २००६ उजाडलं. पाच वर्षं! जगातले बहुतेक लोक ज्या खिडकीतून इंटरनेट पाहत होते, ती सुधारण्याची निकड कंपनीला वाटली नाही. २००४ मध्ये फायरफॉक्स आला, त्याने गिऱ्हाइकं ओढायला सुरुवात केली, तेव्हा हालचाल झाली. मक्तेदारीचा तोटा नुसत्या किमतीत शोधू नये. ब्राउझर तर फुकटच होता. गेली ती पाच वर्षं.

आणि ज्या साली खटला भरला गेला, त्याच सालच्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियात गूगल नावाची कंपनी नोंदली गेली. विंडोज उघडल्यावर लोक कोणत्या साइटवर जातात हे मायक्रोसॉफ्टला ठरवता आलं असतं. खटल्यानंतर तसं करण्याची तिची हिंमत राहिली नाही, असं मला वाटतं. विंडोज मात्र गेलं नाही. आजही जगातल्या टेबलावरच्या आणि मांडीवरच्या कॉम्प्युटरांपैकी सुमारे ७० टक्क्यांवर तेच आहे. लोक उठून फोनकडे गेले, इतकंच.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : खटल्याने सिंहासन क्वचितच मोडतं. त्या सिंहासनावरून पुढच्या पिढीच्या वाटा बंद करता येऊ नयेत, हे मात्र खटल्याने साधतं. दहा वर्षं लागली तरी मला ते काम मोलाचं वाटतं.

प्रश्न : पण नोकिया तर बघता बघता गेला. ऑर्कुटही गेलं. मग व्हॉट्सॲप का जाणार नाही?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, लातूर

उत्तर : कारण नोकिया सोडताना काही मागे ठेवावं लागत नव्हतं. २००७ च्या सुमारास जगात विकल्या जाणाऱ्या दर पाच फोनांपैकी जवळपास दोन नोकियाचे होते. २००३ मध्ये आलेला, टॉर्च असलेला ११०० हा फोन तर २५ कोटींहून अधिक खपला. आपल्याकडे रात्री शेतावर मोटर चालू करायला जाणाऱ्याच्या खिशात तोच असे. पण सिमकार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की झालं, नंबर तोच, माणसं तीच. चांगला फोन आला, लोक निघून गेले. २०१४ पर्यंत फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टच्या हाती गेलासुद्धा. मोठा वाटा असणं आणि गिऱ्हाइकाला बांधून ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

व्हॉट्सॲपवर तुमची सोसायटी आहे, शाळेचा वर्ग आहे, मावशी-काका आहेत. तुम्ही एकट्याने उठून जायचं ठरवलं तर त्या सगळ्यांना सोडून जावं लागतं. ऑर्कुट या ओळखीपाळखीच्या साइटचंही असंच होतं, आणि तरी ते गेलं. २०१० च्या सुमारास भारतात फेसबुक पुढे निघालं आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झालं. पण लक्षात घ्या, ऑर्कुटवर तेव्हा प्रामुख्याने कॉलेजची मुलं होती. त्यांनी ठरवलं आणि ती निघाली. आज पाणीपट्टीची सूचना, डॉक्टरांचा रिपोर्ट आणि लग्नाची पत्रिका ज्या ॲपवर येते, तिथून अख्खं गाव एकदम उठणार कसं?

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. नवी वाट निघाली की ती विकतच घ्यायची, हा मार्ग आता रुळला आहे. फेसबुकने एप्रिल २०१२ मध्ये इन्स्टाग्राम घेतलं तेव्हा तिथे जेमतेम तेरा माणसं कामाला होती. किंमत १ अब्ज डॉलर. फेब्रुवारी २०१४ मध्ये व्हॉट्सॲपचा १९ अब्जांचा सौदा जाहीर झाला. ज्यांनी उद्या फेसबुकला मागे टाकलं असतं, ती दोन्ही घरं फेसबुकच्याच वाड्यात आली. अमेरिकी सरकारने यावर २०२० मध्ये खटला भरला, पण नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकार तो हरलं. टिकटॉक आणि यूट्यूब आल्यावर या कंपनीची आज मक्तेदारी उरली आहे हे सरकारला सिद्ध करता आलं नाही, असं न्यायाधीशांचं म्हणणं. म्हणजे इथे काळानेच काम केलं, असं एका न्यायालयाने मान्य केलं आहे, आणि माझ्या मताच्या विरोधात जाणारी ही गोष्ट तुमच्यापासून लपवणं बरोबर नाही.

पण आपल्या देशात याची दुसरी बाजू दिसली. जून २०२० अखेर भारताने टिकटॉकवर बंदी घातली. पुढच्या महिन्यातच इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केलं. बंदीची कारणं वेगळी होती, त्यावर इथे बोलत नाही. पण सांगलीतल्या नाहीतर बीडमधल्या ज्या पोरांनी टिकटॉकवर प्रेक्षक जमवले होते, त्यांना एका रात्रीत ते गमवावे लागले आणि पहिल्यापासून सुरुवात करायला इन्स्टाग्रामच्या दारात उभं राहावं लागलं. प्रतिस्पर्धी दूर झाला की काळाची गतीही मंदावते.

प्रश्न : मी पंचवीस वर्षं मराठी पुस्तकांचं डीटीपी करतो. पेजमेकर केव्हाच बंद झालं, तरी आमच्याकडे अजून तेच चालतं. मक्तेदारी कंपनीची की आमच्या सवयीची?
— अप्पा बळवंत चौक, पुणे

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला खरोखर आनंद झाला, कारण या विषयातली सर्वांत बारकी गोष्ट तुमच्या टेबलावर आहे. पेजमेकर १९८५ साली अल्डस कंपनीने आणलं, १९९४ मध्ये अल्डससकट ते अडोबीकडे गेलं, २००१ मध्ये सातवी आवृत्ती आली आणि तिथेच ते थांबलं. अडोबीला स्वतःलाच ते नको झालं होतं. तिचं इनडिझाइन बाजारात आलेलं होतं. म्हणजे इथे मक्तेदार स्वतः ‘पुढे चला’ म्हणत होता आणि गिऱ्हाइकाचा पाय निघत नव्हता.

हे नुसत्या सवयीने होत नाही. जुने मराठी फाँट युनिकोडच्या आधीचे. त्यांत अक्षर दिसतं देवनागरी, पण फाइलमध्ये आत साठलेला असतो रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा संकेत, आणि तोही प्रत्येक फाँटवाल्याचा वेगळा. तो फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की अख्खी कादंबरी उद्गारचिन्हं, कंस आणि इंग्रजी अक्षरं यांचा काला होऊन समोर येते. पेजमेकर युनिकोड मराठी नीट चालवत नाही. त्यामुळे ते जुने फाँट आणि ते जुनं सॉफ्टवेअर एकमेकांना घट्ट धरून बसले. त्यात प्रकाशकाकडे वीस-वीस वर्षांच्या फाइली पडून आहेत. दुसरी आवृत्ती काढायची म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये आणा, जोडाक्षरं आणि रफार पुन्हा तपासा, मुद्रितशोधकाला पुन्हा बसवा. त्या खर्चापेक्षा जुना कॉम्प्युटर जपून ठेवणं स्वस्त पडतं. इनडिझाइनमध्ये मराठी धड चालायलाही २०१२ पर्यंत वाट पाहावी लागली.

म्हणून या मक्तेदारीत कंपनीचा हात थोडा आणि संकेताचा जास्त. युनिकोड हा सगळ्यांसाठी खुला संकेत आहे, कुणा एका फाँटवाल्याच्या मालकीचा नाही. आज मोबाइलवर लिहिलेला मराठी मजकूर कुठेही तसाच उघडतो, तो त्यामुळेच. माझी कळकळीची विनंती आहे, की हाताशी वेळ असेल तेव्हा जुन्या फाइली एकेक करून युनिकोडमध्ये आणा. तो जुना कॉम्प्युटर कधीतरी उघडायचा थांबेल, आणि त्यातलं मराठी दुसरीकडे कुठेच नसेल.

प्रश्न : आपल्या सरकारने काही केलं का?
— गृहिणी, कल्याण

उत्तर : केलं आहे, आणि काही बाबतींत चांगलं केलं आहे. सर्वांत जुनं उदाहरण आयबीएमचंच. अमेरिकेत कालबाह्य झालेली यंत्रं डागडुजी करून ती इथे भाड्याने देत असे. १९७३ च्या परकीय चलन कायद्याप्रमाणे परदेशी कंपन्यांना इथला हिस्सा ४० टक्क्यांवर आणायचा होता. जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना आयबीएमने ते नाकारलं आणि १९७८ मध्ये गाशा गुंडाळला. तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. त्या निर्णयाचे तोटेही झाले, काही वर्षं नवं तंत्रज्ञान उशिरा पोचलं. पण एकाच कंपनीची यंत्रं आणि तिचेच तंत्रज्ञ, ही स्थिती संपली आणि इथल्या अभियंत्यांना वेगवेगळ्या यंत्रांवर हात बसवावा लागला.

अलीकडचं बघायचं तर मोबाइल नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर मिळाली. नंबर आपला झाला, कंपनीचा राहिला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि तिच्या अटी बदलायला लावल्या. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने भारतापुरते काही बदल जाहीरही केले.

पण मला सर्वांत शिकवून जातं ते यूपीआय. भाजीवाल्या मावशींच्या गाडीवर एकच क्यूआर असतो. तुमच्या फोनमध्ये कुठलंही ॲप असू दे, मावशींचं खातं कुठल्याही बँकेत असू दे, पैसे पोचतात. हीच गोष्ट व्हॉट्सॲपवरून दुसऱ्या मेसेज ॲपवर होत नाही. आणि तरीही सांगितलं पाहिजे, की यूपीआयचे बहुतांश व्यवहार फोनपे आणि गूगल पे या दोघांवरूनच होतात. एका ॲपचा वाटा ३० टक्क्यांवर जाऊ नये असा नियम २०२० मध्ये झाला. त्याची मुदत वाढत वाढत २०२६ अखेरपर्यंत गेली. म्हणजे खुल्या व्यवस्थेतही मोठे होतातच. पण ते नकोसे झाले तर मावशींना क्यूआर बदलावा लागत नाही आणि तुम्हाला मावशी बदलाव्या लागत नाहीत.

प्रश्न : आता एआय आल्यावर गूगलची सद्दी संपेल?
— एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : एवढ्यात तसं म्हणवत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला, की शोधाच्या धंद्यात गूगलने बेकायदा मक्तेदारी राखली आहे. फोनमध्ये आणि ब्राउझरमध्ये आधीपासून आपलंच सर्च असावं म्हणून तिने एकट्या २०२१ साली २६ अब्ज डॉलरहून अधिक पैसे मोजले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये उपाय ठरवताना त्यांनी क्रोम विकायला लावलं नाही. एआयमुळे बाजार हलू लागला आहे, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. काही विदा प्रतिस्पर्ध्यांना द्यावी, असं बंधन मात्र घातलं.

मला त्या निकालातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ‘फक्त आमचंच ठेवा’ असे करार गूगलला आता करता येणार नाहीत, आणि ही मनाई सर्च, क्रोम यांच्या जोडीने जेमिनी या तिच्या एआय ॲपलाही लागू आहे. हा आदेश सहा वर्षं चालेल. तेवढ्या काळात फोन बनवणाऱ्या कंपन्या दुसऱ्या कुणाचं एआय फोनमध्ये घालायला धजतात का, यावर माझं लक्ष राहील.